दोन कपाटांतली वीज

भाची आठवीत आहे. परवा विज्ञानाची वही घेऊन समोर बसली आणि म्हणाली, "मामा, स्थितिक वीज संपते कुठं आणि धारा वीज सुरू कुठून होते?" वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ. डावीकडे 'स्थितिक', उजवीकडे 'धारा', वर 'फरक स्पष्ट करा'. डावीकडे तिनं लिहिलं होतं, घर्षणाने तयार होते. उजवीकडे, घटापासून मिळते. पुढं गाडी अडली होती.

मला हसू आलं, कारण ती रेघ माझ्या चांगलीच ओळखीची. मी शिक्षक नव्हे. शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं सहायक होतो. तासाच्या आधी टेबलावर सामान मांडायचं, तास संपला की पुसून ठेवायचं, काही फुटलं तर नोंदवहीत लिहायचं. आमच्याकडे विजेची कपाटं दोन होती. डाव्यात एबोनाइटचा दांडा, काचेची कांडी, रेशमी फडकं, लोकरीचा तुकडा आणि काचेच्या बरणीत लटकणारी सोन्याची दोन पानं, म्हणजे सुवर्णपत्र विद्युतदर्शी (प्रभार आला की ही पानं फाकतात). उजव्यात अँमीटर, व्होल्टमीटर, ऱ्हिओस्टॅट, प्लग की, घट आणि कधीही न सुटणारा जोडतारांचा गुंता. उजवं कपाट रोज उघडायचं, डावं वर्षातून दोनदा. कित्येक वर्षं माझ्याही डोक्यात वीज अशीच दोन कपाटांत, दोन किल्ल्यांखाली होती.

डाव्या कपाटापासून सुरुवात करू. प्लॅस्टिकची पट्टी कोरड्या केसांवर घासून कागदाच्या कपट्यांवर धरायची, हे सगळ्यांनी केलेलं असतं. कपटे उडून चिकटले की "झाला प्रयोग" म्हणून सगळे उठतात. तिथंच उठू नका. पट्टी न हलवता अर्धा मिनिट बघत राहा. बरेचसे कपटे चिकटून राहतात, पण एखादा थरथरायला लागतो, कडेवर उभा राहतो आणि खाली फेकला जातो. सुटून पडत नाही, चक्क फेकला जातो.

असं का होतं ते सांगतो. घासताना केसांतले काही इलेक्ट्रॉन, म्हणजे ऋण प्रभाराचे सूक्ष्म कण, पट्टीवर आले, म्हणून पट्टी ऋणप्रभारित. कपटा मात्र उदासीन, त्याच्यात धन आणि ऋण सारखंच. पट्टी जवळ आली की कपट्यातले इलेक्ट्रॉन मागं सरकतात, कारण ऋणाला ऋण नको असतं. कपट्याची पट्टीकडची बाजू किंचित धन होते आणि ओढली जाते. मागची बाजू ढकलली जाते खरी, पण ती लांब आहे, आणि हे बल अंतराबरोबर झपाट्यानं घटतं. फ्रेंच शास्त्रज्ञ कूलोमनं १७८५ मध्ये तार पिळून मोजणाऱ्या तराजूवर ते मोजलं: अंतर दुप्पट केलं तर बल चौथा हिस्सा. म्हणून ओढ जिंकते आणि कपटा उडी मारतो. पट्टीला चिकटल्यावर हळूहळू तिचेच थोडे इलेक्ट्रॉन कपट्यावर उतरतात. आता दोघंही ऋण, म्हणून कपटा ढकलला जातो. आकर्षण, प्रवर्तन (न टेकता इलेक्ट्रॉन सरकवणं), वहन आणि प्रतिकर्षण, चारही गोष्टी त्या अर्ध्या मिनिटात होतात, आणि आपण नेमकं तेव्हाच पट्टी उचलतो.

भाचीच्या वहीतलं 'घर्षणाने तयार होते' मला खटकलं ते यासाठीच. तयार काहीच होत नाही. जितके इलेक्ट्रॉन पट्टीवर आले, नेमके तितकेच केसांत कमी पडले. केस धनप्रभारित होतात, एकमेकांना ढकलतात, म्हणून पिंजारतात. आणि घासायलाच हवं असंही नाही. दोन वेगळे पदार्थ एकमेकांना घट्ट टेकवून सोडवले तरी भागतं. घासण्यानं फक्त जास्त जागी, जास्त वेळा टेकतात.

चिकटपट्टीनं हे छान दिसतं. टेबलावर एक पट्टी चिकटवा, तिच्या पाठीवर दुसरी चिकटवा, धरायला टोकं दुमडून ठेवा. दोन्ही एकत्रच टेबलावरून सोडवा, पाठीवरून हळूच बोट फिरवून असेल तो प्रभार घालवा, आणि मग दोघी एकमेकींपासून झटक्यात सोलून काढा. आता जवळ आणा. हवेतच वळून एकमेकींना बिलगतात. अशी आणखी एक जोडी करा आणि वरची पट्टी वरच्या पट्टीजवळ धरा. तोंड फिरवतात. विजातीय प्रभार ओढतात, सजातीय ढकलतात, हे वाक्य फळ्यावरून उतरवून घेण्यापेक्षा हातात वळवळणाऱ्या पट्टीतून कळलं की विसरत नाही.

डावं कपाट क्वचित उघडायचं त्याला कारण होतं. प्रयोग फसायचे. पावसाळी हवेत तर हमखास. सर दांडा घासून घासून घामाघूम, सोन्याची पानं ढिम्म, आणि मागच्या बाकावर खसखस. नंतर माझ्यावर राग निघायचा, "काल तर चालत होतं." दांड्यावर हवेतल्या ओलीचा डोळ्यांना न दिसणारा थर बसतो आणि त्याच्यावरून प्रभार निघून जातो, एवढंच. मी एक युक्ती केली. तासाच्या आधी दांडा, फडकं, सगळं सामान जुन्या साठ वॅटच्या बल्बखाली पंधरा मिनिटं शेकायला ठेवायचो. त्यानंतर मागचा बाक हसला नाही. प्रभाराची नीट ओळख मला तिथं झाली. प्रभार पळून जातो याचा अर्थ तो पळू शकतो, त्याला फक्त वाट हवी असते. एबोनाइटवर वाट नसते म्हणून तो जागच्या जागी बसतो, त्याला आपण स्थितिक म्हणतो. तांब्यात वाटच वाट असते. दुर्वाहक आणि सुवाहक हे शब्द प्रभाराच्या वाटेबद्दल आहेत, वेगवेगळ्या विजेबद्दल नव्हेत.

धन आणि ऋण ही नावं बेंजामिन फ्रँकलिननं अठराव्या शतकाच्या मध्यावर ठेवली. रेशमानं घासलेल्या काचेवर जे येतं ते धन. इलेक्ट्रॉन तेव्हा कुणाला माहीत नव्हता, तो १८९७ मध्ये जे. जे. थॉमसननं शोधला, आणि निघाला ऋण. तोपर्यंत सगळी पुस्तकं छापून झाली होती. म्हणून आजही परिपथाच्या आकृतीत धारेचा बाण धन टोकाकडून ऋण टोकाकडे काढतात आणि तारेत इलेक्ट्रॉन मात्र उलटे चालतात. आमच्याकडे दरवर्षी एखादं पोरगं यावरून वाद घालायचं. वाद बरोबरच असायचा. बाण बदलत नाहीत, इतकंच.

आता उजव्या कपाटाची किल्ली कुणी दिली ते बघू, कारण ती डाव्याच कपाटात होती. अलेस्सांद्रो व्होल्टा हा आधी पक्का डाव्या कपाटाचा माणूस. १७७५ मध्ये त्यानं एक साधं उपकरण नावारूपाला आणलं, घासलेल्या चकतीवरून पुन्हा पुन्हा प्रभार उचलणारं, इलेक्ट्रोफोरस. पुढं गाल्वानी या शरीरशास्त्रज्ञाकडचे मेलेल्या बेडकांचे पाय दोन धातूंच्या स्पर्शानं झटके देऊ लागले. ते १७९१ मध्ये छापून आलं आणि गाल्वानी म्हणाला, ही प्राण्यातली वीज. व्होल्टाला ते पटेना. त्याचं म्हणणं, बेडूक बाजूला ठेवा, करामत दोन धातूंची आहे. १८०० मध्ये त्यानं जस्त आणि चांदीच्या चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, अशी चळत रचली आणि जगाला पहिल्यांदा न थांबणारी धारा मिळाली. डाव्या कपाटातून मिळायची ती ठिणगी, क्षणात संपणारी. ही मात्र वाहतच राहिली.

तरी शंका होतीच, की चळतीतली वीज आणि घासून येणारी वीज एकच का? मायकेल फॅरेडेनं यावर चिकाटीनं काम करून १८३३ मध्ये ते प्रसिद्ध केलं. घर्षणाची, घटाची, चुंबकाची, विद्युतमाशाची, जी जी मिळेल ती घेऊन तो बघत गेला की चुंबकसुई हलते का, रासायनिक विघटन होतं का, ठिणगी पडते का. सगळ्यांनी तेच केलं, फरक फक्त कमीजास्तीचा. म्हणजे भाचीच्या वहीतली उभी रेघ फॅरेडेनं कधीच खोडून ठेवली आहे.

कमीजास्तीचा म्हणजे नेमका किती, हा सगळा विषयाचा गाभा आहे, म्हणून इथं आकडेमोड करू. कोरड्या हवेत गालिच्यावरून चालत जाऊन दाराच्या कडीला हात लावला की चटका बसतो. तेव्हा अंगावर सहज ५००० व्होल्ट असतात. वाचूनच धडकी भरते. पण प्रभार किती? प्रभार मोजतात कूलोममध्ये. अंगावर तेवढ्या व्होल्टला साधारण अर्धा मायक्रोकूलोम मावतो, म्हणजे एका कूलोमचा वीस लाखावा भाग. आता टॉर्चचा जुना बल्ब घ्या, २.५ व्होल्ट, ०.३ अँपिअरचा. ०.३ अँपिअर म्हणजे सेकंदाला ०.३ कूलोम. इलेक्ट्रॉन मोजायचेच तर १९ वर सतरा शून्यं, दर सेकंदाला. बल्बमधून जाणाऱ्या प्रभाराशी बरोबरी करायची तर दाराच्या कडीला सेकंदाला सहा लाख वेळा चटका बसायला हवा.

(ऊर्जेचा हिशेब केला तर सेकंदाला सहाशेच चटके पुरतात. प्रभार थोडा असला तरी तो उंचावरून उडी मारतो. ही उंची म्हणजे विभवांतर, व्होल्टमध्ये मोजतो ते. गणिताची आवड असलेल्यांनी हा फरक स्वतः काढून बघावा.)

हेच आकाशातल्या विजेला लावलं तेव्हा मी स्वतः चाट पडलो होतो. ढगातून जमिनीवर पडणाऱ्या विजेत धारा क्षणभर ३०,००० अँपिअरच्या घरात जाते. पण तो क्षण इतका बारीक असतो की सगळा मिळून प्रभार साधारण पाच ते वीस कूलोमच उतरतो. आणि हातातला टॉर्च एक मिनिट लावला तर? ०.३ गुणिले ६०, अठरा कूलोम. म्हणजे अंधारात किल्ली शोधायला टॉर्च मिनिटभर लावला, की आकाश कडाडून जितका प्रभार खाली येतो तितका निमूटपणे तारेतून जातो. फरक उंचीचा आणि वेळेचा. ढगाकडे कोट्यवधी व्होल्ट असतात, सेलकडे दीड. हा हिशेब मी एकदा फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला होता. सरांनी तो आठवडाभर पुसू दिला नाही.

मुलांचा एक प्रश्न ठरलेला. इलेक्ट्रॉन तारेतून किती वेगानं धावतात? धावत नाहीत. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेत एक अँपिअर धारा असेल तर ते सेकंदाला ०.०७ मिलिमीटर सरकतात. मीटरभर जायला पावणेचार तास. गोगलगाय पुढं जाईल. मग बटण दाबताच दिवा कसा लागतो? सायकलची साखळी बघा. पॅडल दाबलं की मागचं चाक त्याच वेळी फिरतं, पॅडलजवळची कडी चाकापर्यंत पोचायची वाट बघत नाही, कारण साखळी आधीपासून सगळीकडे आहे. तारेतही इलेक्ट्रॉन आधीपासूनच ठासून भरलेले असतात. घट त्यांना फक्त ढकलतो. आणि साखळी कुठंही तुटली की सगळंच थांबतं, म्हणून परिपथ बंद हवा. 'बंद परिपथ' म्हणजे चालू आणि 'खुला' म्हणजे बंद, या शब्दांनी जितकी मुलं गोंधळवली तितकी ओहमच्या नियमानं नसतील.

ढकलायचा जोर घटाला रसायनांतून मिळतो. साध्या कोरड्या घटात बाहेरचं डबडं जस्ताचं, ते ऋण टोक. मधली कांडी कार्बनची, ते धन टोक. जस्त स्वतः झिजतं आणि इलेक्ट्रॉन सोडतं. घड्याळात विसरलेला सेल पाझरून पितळी पट्ट्या हिरव्या झालेल्या पाहिल्यात ना? डबडंच खाल्लं गेलेलं असतं. वर्षअखेरीला असे किती सेल मी उजव्या कपाटातून काढले त्याला गणती नाही.

ओहमचा नियम, विभवांतर बरोबर धारा गुणिले रोध, हा पुस्तकात चांगला दिलेला असतो, मी लांबण लावत नाही. फक्त एक प्रसंग. नववीतला एक मुलगा मीटर घेऊन आला, "काका, हा बिघडलाय." तोच २.५ व्होल्ट, ०.३ अँपिअरचा बल्ब. भागाकार केला तर रोध आठ ओहमच्या वर. मीटर दाखवत होता जेमतेम एक. मीटर ठणठणीत होता. टंगस्टनची तार गार असताना रोध कमी असतो आणि पेटून पांढरी झाली की आठ-दहा पट होतो. भागाकार पेटलेल्या बल्बचा होता, मीटर गार बल्बला लावलेला. जुने बल्ब बटण दाबल्या क्षणीच का उडायचे, याचं उत्तर त्याला तिथंच मिळालं: गार तारेतून पहिल्या क्षणी धारेचा लोंढा येतो. मुलगा इतका खूश झाला की मीटर परत करायचा विसरला.

रोध नसला की काय होतं ते मी अंगावर घेतलंय. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी खिशात टाकली, त्याच खिशात किल्ल्यांचा जुडगा. दोन्ही टोकं एकाच बाजूला असतात तिची. किल्ली आडवी पडली आणि काही मिनिटांत मांडीला चटका. आधी वाटलं काहीतरी चावलं. लघुपरिपथ (शॉर्ट सर्किट) हा शब्द तोपर्यंत मी हजारदा ऐकला असेल. तेव्हापासून बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावल्याशिवाय ती खिशात जात नाही.

याच ओघात एक गोष्ट दटावून सांगतो. इथले सगळे प्रयोग सेलवर आणि घासलेल्या प्लॅस्टिकवरच करा. भिंतीतल्या सॉकेटला हात नाही. ५००० व्होल्टचा चटका सोसला म्हणजे घरातल्या विजेचाही सोसेल, असं गणित करू नका. अंगावरची ती ठिणगी अर्ध्या मायक्रोकूलोममध्ये आटपते. सॉकेट आटपत नाही, मागून देतच राहतं. छातीतून काही दशक मिलिअँपिअर वाहत राहिले तरी हृदयाचा ताल बिघडू शकतो, आणि ओल्या कातडीचा रोध कोरडीपेक्षा खूपच कमी असतो.

भाचीला हे सगळं सांगून झालं. तिनं मान डोलावली, पण वहीतली रेघ काही खोडली नाही. मग उठलो आणि व्होल्टाचंच उपकरण केलं. पीव्हीसीचा सपाट तुकडा घेतला. डब्याचं धातूचं झाकण, त्याच्या मध्यावर मूठ म्हणून रिकाम्या पेनाची प्लॅस्टिकची नळी गोंदानं चिकटवलेली. आणि जुन्या टेस्टरमधला छोटा निऑनचा दिवा. तो लागायला साठ ते नव्वद व्होल्ट लागतात, पण धारा अगदी नावाला पुरते. त्याच्या काचेत दोन बारीक सळ्या दिसतात, आणि धारा एकाच दिशेनं गेली तर प्रकाश फक्त एका सळीभोवती येतो. ज्या सळीतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, तिच्याभोवती.

पीव्हीसी लोकरीनं खसाखसा घासलं. मूठ धरून झाकण त्याच्यावर ठेवलं. खोलीत अंधार केला. दिव्याची एक तार भाचीच्या चिमटीत, दुसरी झाकणाला टेकवायला सांगितली. नारिंगी टिपका लुकलुकला. "झाकणाकडची सळी!" ती म्हणाली. बरोबर. खालच्या ऋण प्रभारानं झाकणातले इलेक्ट्रॉन वर रेटले आणि ते दिव्यातून तिच्या बोटात गेले.

आता मूठ धरून झाकण वर उचललं. पुन्हा न घासता, काहीही न जोडता. झाकणात इलेक्ट्रॉन कमी पडलेले, ते धनप्रभारित. "टेकव पुन्हा," म्हटलं.

पुन्हा टिपका. क्षणभर ती गप्प राहिली.

"मामा, आता माझ्या बोटाकडची लागली."

"म्हणजे?"

"म्हणजे परत आले. माझ्यातून गेले, झाकणात." मग अंधारातच वही चाचपडायचा आवाज. "थांब, दिवा नको लावू. आणखी एकदा ठेव झाकण खाली."